पाचवी गोळी

दिवाळी तोंडावर आली की आपल्याकडील वडीलधाऱ्या मंडळींना दोन गोष्टींची आठवण हटकून होते. एक, आपल्या लहानपणच्या फराळाची, आणि दुसरी, हल्लीची पिढी बिघडल्याची. पहिलीबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसरीबद्दल मात्र या वर्षी दोन शब्द सुनावल्यावाचून राहवत नाही. दर्यापुरात काय किंवा अकोल्या-अमरावतीत काय, सुटी लागली की पोट्टे मोबाइलवर नाही तर संगणकावर विमानयुद्धाचे खेळ खेळत बसतात, हा पहिला आरोप. खेळून झाल्यावर त्या खेळातल्या गोळीचा उजेड लांब असावा की आखूड, तांबडा असावा की हिरवा, यावर तासन् तास भांडतात, हा दुसरा. आणि हा दुसरा आरोप पहिल्यापेक्षा भयंकर मानला जातो! खेळतात ते खेळतात, वर त्याची चिकित्सा कसली करतात, असा एकंदर सूर.

मी या भांडणाऱ्या पोट्ट्यांच्या बाजूचा आहे. नुसत्या खेळणाऱ्यांचा कैवार मी घेत नाही, भांडणाऱ्यांचा घेतो. का, ते सांगतो.

प्रथम ती गोळी म्हणजे काय, ते पाहू. तिला ट्रेसर म्हणतात. साध्या गोळीच्या बुडाशी पोकळी ठेवून तिच्यात मॅग्नेशियमची पूड आणि स्ट्रॉन्शियमचा क्षार असे जळणारे मिश्रण ठासतात. बंदूक उडाली की त्या आगीने ते पेट घेते आणि गोळी तांबडी रेघ ओढीत जाते. स्ट्रॉन्शियमऐवजी बेरियम घातले की रेघ हिरवी. वाचकहो, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. आपल्या अंगणातला तांबडा भुईनळा आणि हिरवी काडी याच दोन धातूंच्या जोरावर रंग उधळीत आली आहेत. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरण्यास मनाई केली, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी हे नाव प्रथमच ऐकले. ट्रेसरच्या रंगावर वाद घालणाऱ्या पोराला ते आधीच ठाऊक असण्याचा पुष्कळ संभव आहे.

आता या रेघेचे प्रयोजन काय? शोभा खचित नव्हे. गोळी कुठे चालली आहे ते झाडणाऱ्याला कळावे आणि त्याने नेम सुधारावा, एवढ्यासाठी ती पेटवलेली. म्हणून मशीनगनच्या पट्ट्यात साधारणपणे चार साध्या गोळ्या आणि पाचवी ट्रेसर, अशी मांडणी असते. डोळ्यांना दिसते ती पाचवी. उरलेल्या चार अंधारातून तशाच निघून जातात. रायफलच्या मापाच्या गोळीतला हा जाळ आठ-नऊशे मीटरच्या सुमारास विझतो. गोळी मात्र पुढे जातच असते. शिवाय मिश्रण जळेल तसतशी ट्रेसर हलकी होते, त्यामुळे दूर अंतरावर तिची वाट साध्या गोळीच्या वाटेपासून फाटू लागते. म्हणजे जी दाखवायला नेमली, तीच थोडी फसवते! आणि ती जसे झाडणाऱ्याला लक्ष्य दाखवते तसेच लक्ष्यालाही झाडणारा दाखवून देते. दुसऱ्या महायुद्धात कित्येक वैमानिकांनी याच कारणास्तव आपल्या पट्ट्यांतून ट्रेसर काढून टाकल्या होत्या.

हे सारे ध्यानात घेऊन बाजारात मिळणारा सामान्य खेळ पाहावा. तिथे प्रत्येक गोळी पेटलेली. आकाशभर लांबच लांब, ताठ, लकलकणाऱ्या सळया! गोळ्या कधी संपत नाहीत, तोफ कधी अडत नाही. या सळयांचे मूळ रणांगणात नाही, पडद्यावर आहे. जुन्या युद्धातल्या विमानांवर बंदुकीबरोबर चालणारे कॅमेरे बसवलेले असत. सेकंदाला आठशे मीटर वेगाने जाणाऱ्या गोळीचे चित्र घेताना कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात गोळी सोळा मीटर पुढे जाते आणि फितीवर सोळा मीटरची रेघ उमटते. ही लांबी झडपेची, गोळीची नव्हे. तोफेच्या धक्क्याने विमान थरथरले की कॅमेराही थरथरतो आणि रेघ नागमोडी दिसते. ती नागमोडही कॅमेऱ्याचीच. पुढे 1977 साली ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट आला. त्याच्या कर्त्याने अवकाशातली झुंज रचताना याच जुन्या विमानयुद्धांच्या फिती समोर ठेवल्या होत्या. खेळ रचणाऱ्यांनी चित्रपट पाहिला, चित्रपटवाल्यांनी फीत पाहिली; वैमानिकाला काय दिसले होते, हे विचारायचे राहूनच गेले. अशा रीतीने नकलेची नक्कल ‘हुबेहूब’ या नावाने विकली जाते.

वैमानिकाला दिसते ते निराळेच. आपले विमान वळत असताना झाडलेल्या गोळ्या सरळच जातात. पण आपली बैठकच वळत असल्यामुळे गोळ्यांची माळ बाहेरच्या बाजूला वाकत गेल्यासारखी भासते. शेतात पाण्याचा पाइप हातात धरून स्वतःभोवती गर्रकन फिरून पाहा. प्रत्येक थेंब आपल्या सरळ वाटेने जातो, धार मात्र कोयत्यासारखी वाकलेली दिसते. समोरून आपल्याकडे येणारी ट्रेसर आधी जागच्या जागी टांगल्यासारखी दिसते आणि मग एकदम कानाजवळून सुसाट निघून जाते. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा ज्याने पाहिला असेल, त्याला हे उलगडून सांगायला नको.

वर्गात पडद्यावरचे असले एक चित्र पाहून माझा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “हे काही खरं नाही जी, सर. गोळी इतकी सरळ कावून दिसते? विमान तं वळून राह्यलं ना!” सापेक्ष गतीचा धडा शिकवायला मला दोन तासिका लागतात. त्याने तो एका वाक्यात सांगून टाकला. आणि याला आपण रिकामटेकडेपणा म्हणणार!

“अहो, पण खेळ तो खेळ! बुद्धिबळातला हत्ती खरा कुठे असतो?” असे कोणी विचारील. बरोबर आहे, पण बुद्धिबळाचा हत्ती आपण खरा असल्याची बढाई मारीत नाही. जो खेळ आपल्या डब्यावर ‘अगदी खऱ्यासारखा’ असे छापतो, त्याला खरेपणाचा हिशेब विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाला आहे. मी कादंबऱ्या लिहितो. माझ्या कादंबरीतल्या शेतकऱ्याने जूनमध्ये कपाशी वेचली, तर दर्यापूरचा वाचक पुस्तक माझ्या तोंडावर फेकील, आणि त्याने फेकावेच. मग विमानाच्या खेळाला तेवढी सूट कशाबद्दल? शिवाय हा नुसता पोरखेळ राहिलेला नाही. तरुणांना आपल्याकडे ओढण्यासाठी खुद्द भारतीय वायुदलाने 2014 साली एक आणि 2019 साली दुसरा असे मोबाइलवरचे खेळ काढले. वायुदल ज्याला कामाची वस्तू समजते, त्याला आपण टाकाऊ कसे म्हणावे?

खरेपणाचा हिशेब मागणारे खेळाडू आहेत, म्हणून काही खेळ सुधारलेही. ‘वॉर थंडर’ नावाच्या खेळात ट्रेसर अजिबात नसलेला गोळ्यांचा पट्टा निवडता येतो. नेम धरणे अवघड जाते, पण शत्रूला सुगावा लागत नाही. म्हणजे उजेडाची किंमत काय, हे त्या खेळाने पोराला शिकवले. हे भांडणाऱ्यांचे यश आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खेळ जितका खरा, तितके युद्ध गोड वाटू लागेल, अशी भीती पुष्कळ आयांना वाटते. मला नेमके उलटे वाटते. गोडी येते ती खोटेपणामुळे. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी आपले नॅट विमान उडवले आणि सहा सेबर विमानांशी झुंज घेतली. त्यात ते कामी आले. वायुदलाला आजवर मिळालेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे. त्या चिमुकल्या नॅटवर तीस मिलिमीटरच्या दोन तोफा असत आणि एकेका तोफेला शंभर-सव्वाशे गोळे. सलग झाडले तर सारा खेळ सहा सेकंदांच्या आसपास आटोपणारा! ज्या मुलाने न संपणाऱ्या गोळ्यांचा खेळ खेळला, त्याला या सहा सेकंदांची धास्ती कळणार नाही. ज्याने मोजक्या गोळ्यांचा खेळ खेळला, त्याला ती थोडीतरी कळेल. शौर्याची ओळख पटायची तर आधी टंचाई ठाऊक हवी.

आणि आता खरे सांगायचे ते सांगतो. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, तेव्हा ‘कीव्हचे भूत’ म्हणून एका वैमानिकाच्या पराक्रमाचे चलचित्र जगभर फिरले. ते ‘डीसीएस’ नावाच्या विमानखेळातले निघाले, आणि असा कोणी एक वैमानिक नाही, ती दंतकथा आहे, असे त्याच वर्षी युक्रेनच्या वायुदलानेच सांगून टाकले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ‘आर्मा 3’ या खेळाच्या कर्त्यांवर, आमच्या खेळातली दृश्ये खऱ्या युद्धाची म्हणून पसरवली जात आहेत, असे जाहीर करण्याची पाळी आली. असली चित्रे बहुधा रात्रीची, धूसर आणि हलती असतात, अशा खुणाही त्यांनी सांगितल्या. आणि मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत तेच आपल्या दारात आले. काळ्या आकाशात तांबड्या माळा उडवणारी चलचित्रे घरोघरच्या मोबाइलवर येऊन पडली. त्यांतली काही खेळातली असल्याचे सरकारला जाहीर करावे लागले. ज्यांची पोरे सैन्यात आहेत अशी घरे आमच्या वऱ्हाडात थोडी नाहीत. त्या रात्री त्या मातांनी काय म्हणून त्या माळा पाहिल्या असतील? आणि ती चित्रे पुढे ढकलणारे कोण होते? रिकामटेकडी पोरे नव्हेत. ‘हल्लीची पिढी बिघडली’ म्हणणारे तुमच्या-आमच्या वयाचे शहाणेसुर्तेच. ‘ही माळ खोटी, हिच्यात प्रत्येक गोळी पेटली आहे’ असे म्हणू शकणारा घरात एकच होता, आणि त्याला आपण गप्प बसवत आलो.

या मुलुखात गाडगेबाबा होऊन गेले. ते कीर्तनात उपदेश कमी करीत आणि प्रश्न फार विचारीत. समोरच्या माणसाकडूनच उत्तर काढून घेत. आपल्याला तेवढे जमले तरी पुरे. पोरगा खेळत बसला की ‘बंद कर ते’ म्हणण्याऐवजी त्याच्या शेजारी बसावे आणि विचारावे, “पाचवी गोळी दिसली रे बाबा, बाकीच्या चार कुठे गेल्या?” पहिल्यांदा तो भौतिकशास्त्राचे उत्तर देईल. ते ऐकून घ्यावे. मग पुन्हा विचारावे. बडनेऱ्याहून रेल्वेने नागपूरकडे निघाले की धामणगावच्या पुढे पुलगाव लागते. 31 मे 2016 च्या पहाटे तिथल्या लष्करी दारूगोळा भांडारात आग लागली आणि ती विझवताना अधिकारी व जवान प्राणांस मुकले. तिथे ना शत्रू होता, ना नेम. हीही हकीकत त्याला सांगावी. दारू कोणासाठी पेटते याची तिला पर्वा नसते, हे एखाद्या खेळात दाखवलेले मी तरी पाहिलेले नाही. ते काम घरातल्या मोठ्यांचे आहे.

तेव्हा या दिवाळीत भुईनळा लावताना त्याचा तांबडा रंग कशाचा, हे पोरांनाच विचारा. त्यांना ते सांगता आले, तर त्यांच्या भांडणाला शिव्या देऊ नका. चकलीचे ताट पुढे सरकवा आणि भांडणात आपणही भाग घ्या.