आधी निकाल दाखवा, मग विमानात बसवा

अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जागा मोजक्या, रांग मोठी. तिथे नंबर लागला नाही आणि खासगी महाविद्यालयाची फी ऐकून घाम फुटला, की बीड जिल्ह्यातल्या घरांतही रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान ही नावे निघू लागतात. कुणी जमीन विकतो, कुणी गहाण टाकतो. सहा वर्षांनी मुलगा पदवी घेऊन परततो. गाव त्याला डॉक्टर म्हणू लागते. कायदा मात्र म्हणत नाही.

कारण २००२ पासून बहुतेक परदेशी पदवीधरांना इथे चाळणी परीक्षा द्यावी लागते. प्रश्न ३००, गुण ३००, उत्तीर्ण व्हायला १५०. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. तरी जून २०२४ च्या परीक्षेत पाचांतला जेमतेम एक जण पार पडला!

मग ओरड सुरू होते, की पेपर मुद्दाम अवघड काढतात, सोपा करा. हे काही पटत नाही. ऊसतोड कामगार फडाजवळच्या कोपीत जमिनीवर झोपतो. त्याला मण्यार चावली तर दंशाची खूण दिसतेच असे नाही. पोट दुखते म्हणून आणलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे मिटू लागतात, मग श्वास अडतो. समोरच्या डॉक्टरला हे ओळखता आलेच पाहिजे. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवले. ते थंड देशातल्या वॉर्डात कोण शिकवणार? त्यातून वर्ग इंग्रजीत आणि रुग्ण बोलतो तिथल्या भाषेत. नुसते ऐकून घेतलेल्या मुलाला रुग्णाची हकीकत विचारायची सवय लागावी कशी?

राग यायला हवा तो वेगळ्याच गोष्टीचा. चाळणी लागते ती सहा वर्षे आणि घरची पुंजी संपल्यावर. २०२१ च्या नियमांनी निदान ५४ महिन्यांचे शिक्षण, इंग्रजी माध्यम, तिथे एक वर्ष आणि इथे एक वर्ष आंतरवासिता असे बंधन घातले, ते बरे झाले. पण एजंटाच्या रंगीत पुस्तिकेत वसतिगृहातल्या भारतीय जेवणाचा फोटो असतो, या परीक्षेचा निकाल नसतो. कुठल्या देशातली, कुठल्या विद्यापीठातली किती मुले बसली आणि किती पास झाली, हे आकडे परीक्षा मंडळाने यापूर्वी प्रसिद्ध केलेले आहेत. ते दरवर्षी मराठीत, तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांत लावायला सरकारला कितीसा खर्च येणार?

नापास मुलांचेही पाहायला हवे. नोंदणीशिवाय त्यांनी रुग्ण तपासता कामा नये, यात सूट नको. डिसेंबर २०२२ मध्ये ही परीक्षा पास न होताच नोंदणी मिळवल्याच्या आरोपावरून ७३ जणांवर सीबीआयने गुन्हा नोंदवला होता. पण अंबाजोगाईच्या वॉर्डात वरिष्ठांच्या मागे उभे राहून वर्षभर शिकण्याची सोय, वाजवी फी घेऊन, करता येईल. आज ही मुले दूरच्या शहरांतल्या शिकवण्यांत पुन्हा पैसे भरून नुसती प्रश्नोत्तरे पाठ करतात.

आणि पालकांनी पहिला हप्ता भरण्याआधी एजंटाकडे त्या विद्यापीठाचा निकाल लेखी मागावा. तो टाळाटाळ करू लागला तर सातबारा कपाटातच राहू द्यावा.