शादीच्या डिस्क, मुलांचे प्लेस्टेशन आणि एक अमानत



उन्हाळ्याच्या सुट्टीत घरोघरी कपाटे आवरली जातात आणि वरच्या खणातून डिस्कची पिशवी बाहेर निघते. कुणाचा निकाह, कुणाचा वलीमा, धाकट्याचा अकीका, दादा-दादी हजला निघाले तेव्हाची गर्दी. प्रत्येक डिस्कवर स्केचपेनने लिहिलेली नावे आणि तारीख. पण ती लावायची कशात? डीव्हीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेला. नव्या लॅपटॉपला डिस्कची फटच नसते. टीव्हीला जोडलेली एकच वस्तू उरते, ती म्हणजे मुलांचे प्लेस्टेशन.

शाळेत पालकांच्या बैठकीनंतर हा प्रश्न मला अनेक मातांनी विचारला आहे: "सर, आमच्या शादीची डिस्क मुलांच्या प्लेस्टेशनवर दिसेल का?" दिसेल. मात्र डिस्क तशीच घालून बहुतेक वेळा काम होत नाही. तिची फाइल करावी लागते. ते काम घरच्या घरी, एका पैशाच्या सॉफ्टवेअरशिवाय होते. आणि ते घरीच का करावे, याचे कारण यंत्रापेक्षा मोठे आहे. त्याकडे पुढे येतोच.

डिस्क तशीच का चालत नाही?

आपल्याकडच्या डिस्क दोन जातींच्या आहेत. जुनी व्हीसीडी आणि तिच्यानंतरची डीव्हीडी. व्हीसीडी म्हणजे मुळात सीडी. तिच्यात सव्वा तासाच्या आसपास चित्रीकरण मावते, म्हणून एका शादीच्या दोन-तीन व्हीसीडी असायच्या. प्लेस्टेशन ४ आणि ५ सीडी वाचतच नाहीत, त्यामुळे व्हीसीडीचा प्रश्न तिथेच संपतो. डीव्हीडी ही यंत्रे वाचतात, पण प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल एडिशनमध्ये डिस्क घालायला जागाच नाही. शिवाय डीव्हीडी कोरताना शेवटी ती 'फायनलाइज' म्हणजे बंद करावी लागते. घाईत कोरलेल्या काही डिस्कमध्ये ते राहून गेलेले असते आणि मग कन्सोल त्यांना ओळखत नाही. प्लेस्टेशन ४ ला पहिल्यांदा डीव्हीडी लावताना एकदा इंटरनेटही जोडावे लागते.

याहून मोठी अडचण डिस्कच्या वयाची आहे. बाजारात विकत मिळणारी सिनेमाची डिस्क कारखान्यात छापलेली असते. शादीची डिस्क व्हिडिओवाल्याने संगणकावर कोरलेली असते आणि तिच्यातली माहिती रंगद्रव्याच्या एका पातळ थरात असते. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी तो थर हळूहळू बिघडतो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात पत्र्याच्या ट्रंकेत पडलेल्या डिस्कचे काय होत असेल, ते सांगायला नको. आज चालणारी डिस्क पुढच्या वर्षी चालेलच, असा भरवसा धरू नका.

काम कसे करायचे?

एक बाहेरून जोडायचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह लागतो. तो शेजारी, नातेवाइकांत कुणाकडे तरी असतोच. चार घरांनी मिळून एक घेतला तरी पुरतो. व्हीसीडीसुद्धा त्यात चालते. डिस्क आधी मऊ सुती कापडाने पुसा. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचे, गोल गोल फिरवायचे नाही.

पहिली पायरी नकलेची. डिस्कवरून थेट रूपांतर करू नका. आधी सगळे संगणकावर उतरवून घ्या. डीव्हीडीत 'व्हिडिओ टीएस' नावाचा फोल्डर असतो, तो जसाच्या तसा कॉपी करा. त्याच्या आत 'व्हीओबी' नावाच्या फायली दिसतील, प्रत्येकी जास्तीत जास्त १ जीबीच्या. व्हीसीडीत 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॅट' फाइल असते, ती घ्या. कॉपी मध्येच अडली तर डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह अनेकदा वाचतो.

दुसरी पायरी रूपांतराची. त्यासाठी 'हँडब्रेक' नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा. त्यात तो फोल्डर उघडला की आतले भाग 'टायटल' म्हणून दिसतात; सर्वांत लांब टायटल म्हणजे मुख्य चित्रीकरण. डॅट फाइलही त्यात बहुतेक वेळा उघडते. पुढे एवढेच पाहायचे:

१. प्रीसेटच्या यादीतून 'फास्ट ५७६पी२५' निवडा. आपल्याकडच्या डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे आणि सेकंदाला २५ चित्रांचे असते. ते मोठे करून १०८० केल्याने चेहरे अधिक स्पष्ट होत नाहीत, फाइल तेवढी फुगते.

२. फाइलचा प्रकार 'एमपी-फोर', व्हिडिओ 'एच-२६४' आणि आवाज 'एएसी' ठेवा. ही जोडी प्लेस्टेशन ३, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि घरातला स्मार्ट टीव्ही, सगळ्यांना चालते.

३. 'फिल्टर्स'मध्ये 'डीइंटरलेस' चालू आहे ना, ते पाहा. जुन्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचे बनलेले असायचे. हे केले नाही तर हलणाऱ्या हातांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात.

४. चित्र टीव्हीभर ताणू नका. जुने चित्रीकरण चार बाय तीन आकाराचे असते. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहू द्या. ताणले की दुल्हा-दुल्हन दोघेही जाड दिसतात.

आधी पहिल्या दोनच मिनिटांची फाइल बनवून कन्सोलवर चालवून पाहा. हँडब्रेकमध्ये कुठपासून कुठपर्यंत हे सेकंदांतही सांगता येते. ती नीट चालली, की रात्री संपूर्ण डिस्क लावून झोपा.

तिसरी पायरी पेन ड्राइव्हची. तो 'एक्स-फॅट' पद्धतीने फॉरमॅट करा. प्लेस्टेशन ३ असेल तर 'फॅट ३२' करा, पण त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. 'एनटीएफएस' पद्धतीचा ड्राइव्ह प्लेस्टेशन वाचत नाही, आणि "पेन ड्राइव्ह लावला पण काहीच दिसत नाही" या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते. फॉरमॅट करताना ड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, म्हणून आधी आत काय आहे ते बघा. फाइल एखाद्या फोल्डरमध्ये ठेवा. प्लेस्टेशन ४ वर 'मीडिया प्लेअर' हे मोफत ॲप प्लेस्टेशन स्टोअरमधून घ्यावे लागते. ते घेतले की पेन ड्राइव्ह त्यात दिसतो.

विकत घेतलेल्या सिनेमांच्या डिस्कवर कंपनीचे कुलूप असते आणि त्यांचा हक्कही कंपनीचा असतो. हे सगळे आपल्या घरच्या चित्रीकरणापुरते आहे.

आवाज कुठे गेला?

फाइल तयार झाली, की एक गोष्ट लक्षात येते. व्हिडिओवाल्याने सगळ्या सोहळ्यावर सिनेमाची गाणी चढवलेली असतात. नानी काहीतरी सांगतेय, ओठ हलताहेत, आणि ऐकू येते ते गाणे. पण निकाहचा खुतबा, ईजाब-कबूल, दुआ हे भाग बहुतेकांनी मूळ आवाजात ठेवलेले असतात. तेवढे वेगळे काढून ठेवा. एका विद्यार्थ्याच्या अम्मीला तिच्या मरहूम अब्बांचा आवाज असाच मिळाला. दुआ संपल्यावर ते मोठ्याने "आमीन" म्हणतात आणि मागे वळून कुणाला तरी पाणी आणायला सांगतात. ते दोन शब्द मुलांनी तिच्या सांगण्यावरून चार वेळा लावले.

म्हणून घरात मूळ कॅसेट शिल्लक आहे का, तेही शोधा. आखातात नोकरीला असलेल्या भावाला, मामूला शादी पाहायला मिळावी म्हणून कितीतरी घरांनी व्हीएचएस कॅसेट कुवेत, सौदी, दुबईला पाठवल्या. गाणी न चढवलेली एखादी कॅसेट तिकडून परत आलेल्या बॅगेत असू शकते. डिस्कवर नसलेले आवाज तिच्यावर सापडतील.

दुकानात का देऊ नये?

आता मुद्द्याचे. हे काम करून देणारी दुकाने शहरात आहेत. पण त्या डिस्कमध्ये काय आहे, ते आठवा. बायकांच्या बाजूची मेहंदी, हळद, रुखसतीच्या वेळी बुरखा बाजूला करून लेकीला कवटाळणारी आई. त्या दिवशी तिथे घरच्याच बायका होत्या, म्हणून त्या मोकळ्या होत्या. दुकानातल्या संगणकावर त्या चित्रीकरणाची एक प्रत राहिली, तर ती कोण पाहतो, कोण कुणाला पाठवतो, हे आपल्याला कधीच कळणार नाही. सूरह अन-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानत तिच्या हक्कदारांकडे सोपवण्याचा हुकूम आहे. पैसा आणि दागिना ही अमानत आहे, तशी आपल्या घरी पाहुण्या म्हणून आलेल्या बाईची प्रतिमाही आपल्याकडे अमानत आहे. दुकानात देणे भागच असेल, तर घरचे कुणीतरी काम होईपर्यंत तिथे बसावे आणि प्रत समोर पुसून घ्यावी.

दुकानाइतकीच काळजी आपल्या मोबाइलची घ्यावी लागते. फाइल हातात आली की ती खानदानाच्या ग्रुपवर टाकायचा मोह होतो. एकदा टाकलेली क्लिप परत घेता येत नाही. ग्रुपमध्ये जावई असतात, त्यांचे मित्र असतात. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवली म्हणजे ती बंदिस्त झाली, असेही नाही. ज्याच्या हाती दुवा पडेल त्याला ती दिसते.

त्यासाठी सोपा उपाय आहे. हँडब्रेकमध्ये चॅप्टर निवडून एका डिस्कच्या दोन फायली करता येतात. निकाह, वलीमा, बुजुर्ग, मुले ही सगळ्यांनी पाहायची फाइल. बायकांच्या बाजूचे चित्रीकरण वेगळ्या पेन ड्राइव्हवर, आणि तो घरातल्या एखाद्या बाईच्या ताब्यात. पहिला पेन ड्राइव्हसुद्धा कन्सोलला लावून ठेवू नका. शेजारची मुले संध्याकाळी क्रिकेटचा खेळ खेळायला येतात. बटण कुणाचेही दाबले जाते.

आणि विचारून घ्या. वीस वर्षांपूर्वी उघड्या चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे पाहून हसलेली चुलतबहीण आज निकाब घेत असेल. एखादीची शादी पुढे टिकली नसेल आणि तो दिवस पुन्हा पाहायची तिची इच्छा नसेल. "तुझे चित्रीकरण आहे, ठेवू का? कुणाला दाखवू?" एवढे विचारायला एक फोन पुरतो. ती नको म्हणाली तर तिच्या भागाची नक्कल तिला द्यावी आणि आपल्याकडची पुसावी. आपण पाहुणचार करतो तो पाहुणे घरी गेल्यावर संपत नाही.

चित्रीकरणाबद्दल उलेमांची मते एकसारखी नाहीत, हे आपण जाणतोच. ज्यांच्या मनात शंका आहे, त्यांनी आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारून मगच हे काम हाती घ्यावे.

या सुट्टीचा गृहपाठ

शेवटी, शिक्षक असल्याने, थोडा अभ्यास देतो. मूळ नक्कल आणि तयार फाइल दोन ठिकाणी ठेवा, एक आपल्याकडे आणि एक दुसऱ्या गावातल्या भावाकडे किंवा बहिणीकडे. १ टीबीच्या हार्ड डिस्कवर काठोकाठ भरलेल्या २०० हून अधिक डीव्हीडी मावतात. एका खानदानाला ती पुरून उरते. फाइलच्या नावात साल, सोहळा आणि गाव लिहा. 'न्यू व्हिडिओ १' असे नाव ठेवाल तर दहा वर्षांनी ती कुणी उघडणारही नाही.

मग एका दुपारी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला टीव्हीसमोर बसवा. मुलाच्या हाती कन्सोलचा रिमोट द्या आणि मुलीच्या हाती वही. दादी म्हणेल, "थांबव, ही माझी खालाजाद बहीण, हिच्या शेजारी उभे आहेत ते तुझ्या नानांचे दोस्त." मुलगा थांबवेल, मुलगी लिहील: किती मिनिटांवर, कोण, कुठले, आहेत की अल्लाहला प्यारे झाले. फाइल बनवणारी यंत्रे पुढेही मिळतील. त्या गर्दीतले चेहरे ओळखणारी माणसे मात्र दर वर्षी कमी होत आहेत, म्हणून डिस्कच्या आधी दादीची वेळ ठरवा.