दर दोन वर्षांनी नवा डाव

अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात पॉप्लर ब्लफ हे सोळा-सतरा हजार वस्तीचे गाव आहे. तिथल्या थ्री रिव्हर्स या कम्युनिटी कॉलेजचा बास्केटबॉल संघ जीन बेस यांनी १९७० पासून २०२० पर्यंत सांभाळला. ५० हंगाम, १,३०० विजय, ४१६ पराभव. ते निवृत्त झाले तेव्हा अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या कोणत्याही स्तरावर, कोणाच्याही नावावर इतके विजय नव्हते. ड्यूक विद्यापीठाचे माइक शिशेव्स्की जगभर ओळखले जातात. त्यांची कारकीर्द २०२२ मध्ये १,२०२ विजयांवर थांबली. बेस यांचे नाव मात्र हा खेळ आवडीने पाहणाऱ्यांनाही सहसा आठवत नाही. २०२३ मध्ये बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेमने डर्क नोविट्स्की, ड्वेन वेड आणि ग्रेग पोपोविच यांच्याबरोबर त्यांनाही मानाचे पान दिले. हे व्हायलाच हवे होते, आणि बेस मैदानावर असतानाच व्हायला हवे होते.

कम्युनिटी कॉलेज, किंवा तिकडचे ज्युनिअर कॉलेज, म्हणजे बारावीनंतरची दोन वर्षे. शुल्क कमी आणि प्रवेश जवळजवळ सर्वांना खुला. इथून पुढे विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाता येते. खेळाडूंच्या बाबतीत इथे बहुधा तीच मुले येतात ज्यांच्या दारी मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक फिरकलेले नसतात. कुणाचे गुण कमी पडलेले, कुणाची उंची उशिरा वाढलेली, कुणाला खेळच उशिरा सापडलेला. लॅट्रेल स्प्रिवेल मिलवॉकीच्या शाळेत शेवटच्या वर्षीच संघात आला. पुढची दोन वर्षे तो बेस यांच्या हाताखाली खेळला, मग अलाबामा विद्यापीठात गेला आणि १९९२ मध्ये एनबीएत निवडला गेला. जिमी बटलर टेक्ससच्या टायलर ज्युनिअर कॉलेजात एक वर्ष काढून मार्केट विद्यापीठात गेला.

या कामातली खरी अडचण गुणांपेक्षा काळाची आहे. पोराला बचावात पाय कसे हलवायचे हे कळू लागते, पास देण्याआधी मान वर करायची सवय लागते, आणि तेवढ्यात तो निघून जातो. तो गेला नाही, तरच प्रशिक्षक कमी पडला असे समजायचे. बेस यांनी अशा रीतीने किमान पंचवीस वेळा अख्खा संघ नव्याने उभारला आणि तरी वर्षाला सरासरी २६ सामने जिंकले. १९७९ आणि १९९२ मध्ये त्यांच्या संघाने ज्युनिअर कॉलेजांचे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. ड्यूकलाही गेल्या दोन दशकांत वर्षभरात सोडून जाणारे खेळाडू सांभाळावे लागले, हे खरे. पण ती मुले एनबीएच्या उंबरठ्यावर उभी राहूनच ड्यूकमध्ये येत.

ज्युनिअर कॉलेजांचे प्रतिस्पर्धी तुलनेने हलके, म्हणून १,३०० आणि १,२०२ एकाच तागडीत घालू नयेत, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच गैरलागू नाही. पण त्यावरून इथले शिकवणेही हलके ठरवायचे असेल, तर नोलन रिचर्डसन यांचे उदाहरण समोर ठेवावे. स्नायडर या टेक्ससमधल्या छोट्या गावात वेस्टर्न टेक्सस कॉलेजचा त्यांचा संघ १९८० मध्ये एकही सामना न हरता, ३७-० असा राष्ट्रीय विजेता झाला. त्याच वर्षी ते टल्सा विद्यापीठात गेले, जाताना आपले चार खेळाडू बरोबर घेऊन गेले, आणि पहिल्याच हंगामात विद्यापीठांची एनआयटी ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. खेळाडू तेच, प्रशिक्षक तोच. बदलला तो फक्त पाठीवरचा शिक्का.

रिचर्डसन पुढे आर्कान्सॉमध्ये १९९४ चे एनसीएए (विद्यापीठांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) विजेते झाले. पर्ड्यू विद्यापीठाचे जीन कीडी आधी हचिन्सनच्या कम्युनिटी कॉलेजात प्रशिक्षक होते, मिशिगनचे जॉन बायलाइन एरीच्या. या कहाण्या आपण आनंदाने सांगतो, कारण त्यांत माणूस वर चढतो. बेस यांच्यासारखा जो तिथेच पन्नास वर्षे राहतो, त्याची कहाणी सांगायला आपल्याकडे शब्द कमी पडतात. एका जागी मुरत राहणे ही कारकीर्द नसून चुकलेली संधी आहे, असा एक समज क्रीडा पत्रकारितेत घट्ट बसला आहे. शाळामास्तराला कुणी 'तुम्ही प्राध्यापक का झाला नाहीत' असे विचारत नाही. मग या माणसाला का विचारावे?

आता तर या कॉलेजांच्या पायाखालची जमीनच सरकते आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये एनसीएएचे ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदवही, सुरू झाले. २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची अटही राहिली नाही. त्यामुळे मोठ्या विद्यापीठांना बावीस-तेवीस वर्षांचे, दुसऱ्या विद्यापीठात कसोटीला उतरलेले खेळाडू आयते मिळू लागले. कम्युनिटी कॉलेजच्या एकोणीस वर्षांच्या मुलावर दोन वर्षे मेहनत घ्यायला त्यांच्याकडे आता कारण उरलेले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नॅशव्हिलच्या फेडरल न्यायालयाने एका अमेरिकन फुटबॉलपटूच्या खटल्यात, ज्युनिअर कॉलेजातली वर्षे खेळायला मिळणाऱ्या वर्षांच्या मर्यादेत धरायला तात्पुरती मनाई केली. एनसीएएने मग इतरांनाही २०२५-२६ पुरती सवलत दिली. ही सवलत कायम व्हायला हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे. उशिरा उमलणाऱ्या मुलाला दोन वर्षे जास्त मिळाली, तर त्यात कुणाचे काही हिरावले जात नाही.

आणि प्रशिक्षकांचे काय? कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. मुले नोकरी करून खेळतात. अनेक ठिकाणी प्रशिक्षकही अर्धवेळ असतात. मुलगा तासाला बसला की नाही, पुढच्या विद्यापीठाला लागणारी क्रेडिट्स भरली की नाहीत, हे पाहणारा बहुतेक वेळा प्रशिक्षकच. हे काम विजयांच्या रकान्यात कुठेच दिसत नाही. म्हणून प्रत्येक कॉलेजने दर वर्षी दोन आकडे जाहीर करावेत: संघातली किती मुले पुढच्या विद्यापीठात गेली, आणि त्यांतली किती पदवीधर झाली. प्रशिक्षकाचा पगार आणि त्याचा करार या आकड्यांना बांधला जावा.