पापाची कबुली ज्याची त्याने द्यावी

ख्रिस्ती धर्म माणसाला जन्मतःच पापी ठरवतो आणि त्याचे मनोबल खच्ची करतो, हा आक्षेप आपल्याकडे जुना आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. ‘तू पापी आहेस’ असे सत्तेच्या जागी बसलेल्याने गरिबाला ऐकवले, की त्यातून नम्रता उपजत नाही, लाचारी उपजते. मात्र येशूच्या शिकवणीत पापाची जाणीव दुसऱ्याचे माप काढण्यासाठी नाही. ज्याने त्याने आधी स्वतःकडे पाहण्यासाठी आहे. हा क्रम पाळला की त्यातून सेवा उभी राहते, उलटला की क्रौर्य. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलजिल्ह्यांत हे विशेष ठळकपणे दिसते.

कुष्ठरोगाचेच पाहा. हा रोग म्हणजे पापाचे फळ, या समजुतीपायी हजारो माणसे गावाबाहेर काढली गेली. योहानाच्या शुभवर्तमानात एका जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापाचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. दुसऱ्याच्या दुःखावरून त्याच्या पापाचा हिशेब मांडण्याची मुभा तिथेच संपते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यात बाबा आमट्यांना पावसात गटाराकडेला तुळशीराम हा कुष्ठरोगी दिसला. बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. बाबा घाबरून पळाले. पण त्या पळण्याला त्यांनी सबब शोधली नाही. आपण भ्यालो, हे स्वतःशी कबूल केले, परत जाऊन तुळशीरामची अखेरपर्यंत शुश्रूषा केली आणि पुढेही हे उघडपणे सांगितले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि पाठोपाठ कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभे राहिले. बाबा धर्माने ख्रिस्ती नव्हते. तरीही प्रामाणिक कबुलीने माणूस खचत नाही, कामाला लागतो, याचा याहून स्पष्ट पुरावा या मातीत शोधावा लागणार नाही.

ख्रिस्ती परंपरेतही असे उदाहरण चांद्याशी, म्हणजे आजच्या चंद्रपूरशी, जोडलेले आहे. ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिणारे पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ साली ख्रिस्ती झाले आणि १८७०च्या दशकात त्यांनी चांद्याच्या स्कॉटिश एपिस्कोपल मिशनमध्ये काम केले. वादात भल्याभल्यांना निरुत्तर करणारा हा विद्वान स्वतःच्या श्रद्धेला पडणाऱ्या शंका मात्र झाकून ठेवत नसे. लूकच्या शुभवर्तमानातल्या दृष्टांतात परूशी, म्हणजे कर्मठ धार्मिक, आपल्या उपवासांची आणि दानाची यादी देवापुढे वाचतो. जकातदार मान खाली घालून दयेची याचना करतो आणि तोच नीतिमान ठरून घरी जातो. विद्वत्ता आणि धर्मकार्य पदरी असूनही जकातदाराच्या जागी उभे राहणे ही खरी नम्रता.

यावर दुसरा आक्षेप येतो: कबुली दिली की माणूस पाप करायला पुन्हा मोकळा. ही पळवाट अनेकांनी वापरली आहे, पण शुभवर्तमानाने ती ठेवलेली नाही. येशू घरी आल्यावर जक्कय हा श्रीमंत जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि फसवून घेतलेले चौपट परत करायला तयार होतो. भरपाईवाचून कबुली अर्धीच. हीच कसोटी चर्चलाही लागू होते. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांच्या ऐतिहासिक पापांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. २०२२ साली पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन, आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांबद्दल माफी मागितली. दोष व्यक्तींवर ठेवला, संस्थेची जबाबदारी पुरती घेतली नाही, अशी टीका त्यावर झाली. ती टीका ख्रिस्ती कसोटीवरच उभी आहे, म्हणून तिचे स्वागत व्हावे.

आदिवासींमध्ये काम करायला बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो धर्मगुरू असो, अधिकारी असो की समाजसेवक, समोरच्यातले दोष आधी दिसतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तिथे दारूच्या पापावरचे प्रवचन पिणाऱ्या मजुरापाशी थांबले, तर ते परूशाचेच प्रवचन होय. चोरून विकणारा, त्याच्याकडून हप्ता घेणारा आणि त्याची देणगी निमूट स्वीकारणारी संस्था, यांनी आपापला वाटा नाव घेऊन कबूल केला पाहिजे आणि घेतलेले परत केले पाहिजे. बल्लारपूरला मुख्यालय असलेल्या चांदा धर्मप्रांतापासून खेड्यातल्या लहानशा मंडळीपर्यंत, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आपल्या वाट्याचा हा प्रश्न आधी व्यासपीठावरच्यांनी स्वतःला विचारावा. समोर बसलेल्यांना पश्चात्ताप शिकवण्याचा अधिकार त्यांना त्यातूनच मिळेल.