संघ पेठेचा, मालकाचा नव्हे

आमच्या पुलगावसारख्या गावात मुलांचा फुटबॉल संघ काढायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो, पैसा कोण देणार? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडपाशी पैसा होता, २००५-०६ चे राष्ट्रीय लीगचे विजेतेपदही होते. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला आणि सारे संपले.

आता कोल्हापूर पाहा. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तिथल्या संघांची नावे मुळात तालमींची. कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉल पोसला. सामना असला की पेठाच्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात. ईर्ष्येपोटी कधी हाणामारीही होते, हे खरे. पण कुणा एकाच्या मनात आले म्हणून संघ मोडत नाही. याच गावचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

पुलगाव हे गिरणीचे आणि दारूगोळा भांडाराचे गाव. एकाच धन्याच्या भरवशावर राहण्यातली जोखीम गिरणीगावांना वेगळी सांगायला नको. तेव्हा प्रायोजक मागाहून शोधू. आधी मोहल्ल्याची वर्गणी काढू, मैदान राखू. आणि रविवारी तासभर वडीलधाऱ्यांनी मैदानाच्या कडेला उभे राहावे. संघाचे खरे भांडवल तेच.