कसरत म्हणून हिणवू नका

समकालीन नृत्याचा विषय निघाला की आपल्या जुन्या मंडळींत एक वाक्य ठरल्यासारखे उच्चारले जाते : "हे नृत्य नव्हे, ही कसरत, वर दिव्यांची आणि पडद्यांची आतषबाजी!" याच वाक्याने आपल्याकडील एका मंडळाच्या कार्यकारिणीत अलीकडे तीन तरुण नर्तकांचा प्रस्ताव निकालात निघाला. त्यांचा प्रयोग उपस्थितांपैकी एकानेही पाहिलेला नव्हता. शासकीय सेवेत कागद वाचल्यावाचून शेरा मारू नये, हा पहिला धडा असतो. तो कलेला लागू नाही, असे कोणी ठरविले?

आक्षेप तीन आहेत : कसरतीचा, यंत्राचा आणि सामाजिक विषयाचा. ते एकेक करून तपासू.

कसरत हा शब्द बडोद्याच्या मराठी माणसाने तुच्छतेने उच्चारावा, याचे मला विशेष आश्चर्य वाटते. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रा. माणिकराव यांचा अभिमान बाळगणारे आपण! मल्लखांबावर उलट्या लटकणाऱ्या मुलाची रेषा आपल्याला सुंदर दिसते. तीच रेषा रंगमंचावर आली की अशोभनीय ठरते. चंद्रलेखा यांचा जन्म १९२८ साली महाराष्ट्रातील वाडा येथला. भरतनाट्यम् शिकलेल्या या बाईंनी १९८५ साली 'अंगिका'मध्ये भरतनाट्यम् आणि केरळचे कळरिपयट्टु यांना एकत्र आणले. नर्तकाचे आणि योद्ध्याचे अंग एकाच मातीतून घडते, हे त्यांनी कोणत्याही प्रबंधावाचून दाखवून दिले. पुढे 'श्री'मध्ये कंबरेत वाकलेल्या स्त्रियांचा कणा हळूहळू ताठ होताना त्यांनी दाखविला. ती नुसती कसरत असेल, तर स्त्रीमुक्तीवरील आपली व्याख्याने नुसती जिभेची कसरत म्हटली पाहिजेत.

दुसरा आक्षेप यंत्राचा. तंत्राचे साहाय्य म्हणजे अंगात कला नसल्याची कबुली, असे मानले जाते. अमेरिकेतील मर्स कनिंगहॅम सत्तरीत आले, संधिवाताने शरीर साथ देईना, तेव्हा ते संगणकावर मानवी आकृती हलवून नृत्यरचना करू लागले. १९९९ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी 'बायपेड' सादर केले. नर्तकांच्या शरीरावर खुणा लावून त्यांच्या हालचाली संगणकात टिपल्या होत्या. रंगमंचापुढील पारदर्शक पडद्यावर त्या हालचालींच्या तेजस्वी रेखाकृती तरंगत आणि पडद्यामागे हाडामांसाचे नर्तक नाचत. जे वृद्ध शरीर स्वतः करू शकत नव्हते, ते संगणकाच्या मदतीने रचता आले. आमच्या वयाच्या वाचकांना यात खेद वाटण्यासारखे काय आहे? आणि रंगवलेले पडदे, गॅसबत्त्या, मखमल यांवर मराठी संगीत रंगभूमी पोसली. ज्या गंधर्व नाटक मंडळीला सयाजीराव महाराजांचा आश्रय लाभला, तिचे वैभव तर त्यासाठीच वाखाणले गेले. ते सारे आपल्या काळातले तंत्रच होते. फक्त ते आपल्या सवयीचे होते.

तिसरा आक्षेप असा, की नृत्याने वर्तमानपत्राचे काम करू नये. येथे अक्रम खान यांच्या 'देश'चे उदाहरण घ्यावे. लंडनमध्ये जन्मलेला, बांगलादेशी आईबापांचा हा कथक शिकलेला नर्तक. प्रयोगाची तयारी चालू असताना पायाचा स्नायुबंध तुटला. तो बरा झाल्यावर २०११ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे प्रयोग झाला. सारा वेळ रंगमंचावर एकटा माणूस. पडद्यावर सुंदरबनचे अरण्य पांढऱ्या रेषांनी उगवते आणि तो त्या चित्रातल्या झाडावर चढतो. आपल्या मुंडण केलेल्या डोक्यावर डोळे-तोंड रंगवून, मान खाली घालून, तो स्वयंपाकी असलेल्या बापाला उभे करतो. त्याच प्रयोगात नूर हुसेन येतो. अंगावर लोकशाहीची मागणी रंगवून १९८७ साली ढाक्याच्या मोर्चात निघालेला आणि गोळीला बळी पडलेला हा तरुण. त्याचे शरीर हीच त्याची घोषणा होती. ही गोष्ट नृत्याने सांगायची नाही, तर कोणी सांगायची? परक्या देशात वाढलेल्या मुलाचे वडिलांच्या भाषेशी असलेले अवघड नाते हा या प्रयोगाचा गाभा आहे. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहून घरात मराठी टिकवू पाहणाऱ्या आपल्या कुटुंबांना तो परका वाटण्याचे कारण नाही.

याचा अर्थ असा नव्हे, की लखलखाट केला म्हणजे कला झाली. पडद्यावरचे चित्र इतके मोठे होते, की त्याखाली नर्तक मुंगीएवढा दिसतो, असेही प्रयोग होतात. सामाजिक विषयाचे नाव पत्रिकेवर आणि रंगमंचावर केवळ उड्या, असेही घडते. त्यांना जरूर धारेवर धरावे. परंतु त्यासाठी कसोटी हवी, आणि ती साधी आहे : दिवे विझवा, पडदा काढा, उरलेले शरीर अजून काही सांगते का? सांगत असेल तर यंत्र त्याचे सेवक. सांगत नसेल तर यंत्र हे पांघरूण. ही कसोटी लावण्यासाठी मात्र प्रेक्षागृहात जाऊन बसावे लागते.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक मराठी मंडळाने वर्षातील एक संध्याकाळ आपल्याच घरांतील तरुण नर्तकांसाठी विनाशुल्क राखून ठेवावी. नंतर वाटल्यास त्यांच्या तोंडावर कठोर टीका करावी. ते सोसतील, न पाहता दिलेला नकार मात्र ते सोसणार नाहीत. ते मुकाट्याने दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या भाषेत निघून जातील. त्यांच्या प्रयोगांची भाषा कोणती असावी, हे सांगण्याचा आपला अधिकार त्या दिवशी संपेल.

१८८० साली सयाजीराव महाराजांचा तंजावरच्या राजकन्येशी विवाह झाला आणि त्या संबंधातून तेथील नर्तकी व वादक बडोद्यास आले. त्यांची भाषा येथे कोणास कळत नव्हती. नृत्याची रीतही अनोळखी होती. दरबाराने त्यांना दार उघडले. त्याच परंपरेतील कुबेरनाथ तंजोरकर यांनी पुढे येथल्या पिढ्या घडविल्या, आणि आज आपल्या नाती अरंगेत्रम् करतात तेव्हा आपण पहिल्या रांगेत बसतो. परके म्हणून आलेले आपले झाले, कारण कोणीतरी आधी पाहिले.