बळ परत करण्याआधी

उज्जैनच्या पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराला नारळ वाहून पंचक्रोशीचे यात्रेकरू देवाकडे बळ मागतात. पाच दिवस चालून परतले, की मातीचे घोडे वाहून ते बळ देवाला परत करतात. उत्तरेच्या पंचांगात ही यात्रा वैशाख कृष्ण दशमी ते अमावास्या, आपल्या पंचांगात चैत्र वद्य. ऊन मात्र दोन्हीकडे सारखेच. पिंगळेश्वर, करोहन, अंबोदिया, जैथल असे मुक्काम करत ११८ किलोमीटर. आळंदीची पालखी पंढरपूरपर्यंतचे सुमारे अडीचशे किलोमीटर अडीच-तीन आठवड्यांत आणि पावसाळ्यात चालते. इथे रोजचे चोवीस किलोमीटर पडतात, तेही तापलेल्या डांबरावर आणि पुष्कळांचे अनवाणी.

हे पाय आठवड्याभराने आपल्या दवाखान्यात येतात. काही येतच नाहीत, आणि हे संपादकीय त्या न येणाऱ्यांसाठी आहे.

‘चालले म्हणजे दुखणारच’ असे यात्रेकरू म्हणतो. त्याच्या दृष्टीने ते व्रताचे मोल आहे. पण आपणही तेच म्हणतो आणि वेदनाशामक गोळी लिहून देतो, हे मला खटकते. कारण पायाच्या बाबतीत किती दुखते यावरून किती गंभीर हे ठरवता येत नाही. सकाळी अंथरुणातून उतरताना टाचेत कळ येते, चार पावले टाकली की ती ओसरते. रुग्ण कळवळतो, पण या टाचेला घाई नसते. पोटरी ताणण्याचे व्यायाम, मऊ तळव्याची चप्पल आणि दोन आठवड्यांची विश्रांती देऊन वाट पाहता येते. उलट ज्या पायाबद्दल रुग्ण काहीच बोलत नाही, तो पाय आपली झोप उडवणारा असतो.

डॉ. पॉल ब्रँड यांनी हे वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या हातापायांवरून दाखवून दिले. ते १९४६ मध्ये तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झाले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, अशी तेव्हाची समजूत होती. संवेदना गेल्यामुळे रुग्णाला जखम कळत नाही, तो त्याच पायावर चालत राहतो आणि त्यातून पाय जातो, हे ब्रँड यांनी पुढे आणले. वेदना हे शरीराचे दान आहे, असे ते मानत. आज आपल्याकडे तोच बधीर पाय मधुमेही घेऊन येतो. डांबराने तळवा भाजतो, फोड येऊन फुटतो, आणि संध्याकाळी मुक्कामावर नातवाच्या लक्षात येते की आजोबांच्या पावलाचा डाग सतरंजीवर उमटला आहे.

याहून फसवा असतो शार्कोचा पाय. एकच पाऊल सुजलेले, लाल, गरम. जखम नाही, ताप नाही, दुखणे बेताचे. सुरुवातीचा एक्स-रे बहुधा स्वच्छ येतो. मग कोणी प्रतिजैविक देतो, कोणी युरिक ॲसिड तपासतो, आणि रुग्ण चालत राहतो. आत हाडे मोडत जातात, कमान खचते आणि तळवा होडीच्या बुडासारखा होतो. बधीर पायाच्या मधुमेह्याचे एक पाऊल दुसऱ्यापेक्षा गरम लागले, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो शार्कोचा पाय समजावा, त्यावरचा भार त्याच दिवशी थांबवावा आणि रुग्णाला पुढे पाठवावे. हाताच्या पाठीने दोन्ही पावले पाहिली तरी फरक कळतो. कोविडच्या दिवसांत घेतलेले इन्फ्रारेड तापमापक कपाटात असेल आणि त्यात पृष्ठभागाचे तापमान मोजायची सोय असेल, तर ते काढा. दोन्ही पावलांच्या एकाच जागी दोन अंशांचा फरक बोलका असतो.

मोनोफिलामेंट नाही, ही सबब चालणार नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर पाय बधीर धरा. मग पावलाच्या पाठीवरची आणि घोट्यामागची नाडी बघा. दोन मिनिटे लागतात. आपल्याकडे रुग्ण चपला दाराबाहेरच काढून येतो. उरतात फक्त मोजे, आणि तेवढे उतरवायलाही आपण सांगत नाही.

बाकीचे थोडक्यात. मुरगळल्यानंतर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावर अथवा करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावर दाबून दुखत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे. लांब चालीनंतर पावलाच्या पाठीवर एकाच बोटाएवढ्या जागी दुखले आणि एक्स-रे स्वच्छ आला, तरी हाडाला चीर असू शकते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा काढा. रात्री पाय दुखतो आणि खाटेखाली लोंबकळत ठेवला की बरे वाटते, असे कोणी सांगितले तर रक्तपुरवठ्याची तपासणी लांबवू नका. एकच पोटरी सुजली तर शिरेतली गुठळी मनात धरा. आणि पाय अचानक गार, फिका पडला, नाडी लागेना, तर चिठ्ठी लिहीत बसू नका. हाताशी जेमतेम सहा तास असतात, गाडीची सोय करा.

मधुमेह्याला याहून सोपा नियम सांगावा. फोड, चीर, रंगातला बदल किंवा ऊब, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी यायचे, दुखत नसले तरी. कुरूप घरी ब्लेडने कापायचे नाही, त्यावर औषधी पट्टी लावायची नाही, कढत पाण्यात पाय बुडवायचे नाहीत.

२०२८ मध्ये सिंहस्थ आहे. तेव्हा उज्जैनच्या रस्त्यांवर पावलांची संख्या कितीतरी पटींनी वाढेल. पण यंदाच्या चैत्रातही कोणी तरी तुमच्याकडे ‘पंचक्रोशीला निघालोय, गोळ्या लिहून द्या’ म्हणत येईल. त्याला तेव्हाच खुर्चीत बसवून पाय बघा. बधीर असतील तर अनवाणी चालू नका, असे स्पष्ट सांगा. रागावला तरी सांगा. आणि गोळ्यांच्या चिठ्ठीवर शेवटची ओळ लिहा : अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दुखो वा न दुखो, पाय दाखवायला येणे.